नाही म्हणणारे शिपाई

एल ग्रेकोचे ‘संत मॉरिसचे हौतात्म्य’ मी पाहिले ते छापील पुस्तकात. मूळ चित्र स्पेनमध्ये एस्कोरियालला आहे, आणि सीमाभागातल्या मास्तराला तिकडची वाट सहसा सापडत नाही. हौतात्म्याचे चित्र म्हटले की रक्त, तलवार, आक्रोश हे आपण धरूनच चालतो. इथे समोर काय, तर काही लष्करी अधिकारी उभ्याउभ्या बोलत आहेत! शिरच्छेद चालला आहे तो मागे, डावीकडे, लहान आकारात. दुसऱ्या फिलिप राजाने हे चित्र सांगून करवून घेतले, १५८२ मध्ये ते पुरे झाले आणि त्याला ते पसंत पडले नाही. वेदीवर दुसऱ्याच चित्रकाराचे चित्र लागले. राजाला बहुधा भक्तांचे गुडघे टेकवणारे काही हवे होते. चित्रकाराला मात्र मान तुटते तो क्षण नव्हे, ‘नाही’ म्हणायचे ठरते तो क्षण मोठा वाटला, असे माझे मत.

कथा अशी. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधल्या थिबिसकडची एक ख्रिस्ती पलटण सम्राट मॅक्सिमियनने आल्प्सकडे आणली. ख्रिस्ती लोकांनाच धरून आणण्याचा हुकूम झाला. मॉरिस आणि त्याच्या सोबत्यांनी तो नाकारला. दहांमागे एकाला मारले, तरी नकार, पुन्हा दहांमागे एक, शेवटी सगळेच. हातात शस्त्रे असून कोणी ती उगारली नाहीत. लिआँचा बिशप युकेरिअस याने हे लिहिले ते पाचव्या शतकात, आणि आकडा दिला ६६००. इतिहासाच्या मास्तराला तो पचत नाही. पुष्कळ इतिहासकारांनाही पचलेला नाही. पण इ.स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या पोराने फौजेत भरती व्हायला नकार दिला व त्याचा शिरच्छेद झाला, ती नोंद बरीच विश्वसनीय मानतात. तेव्हा नाही म्हणणारे होते, एवढे खरे.

गंमत पुढेच आहे. ज्याने सम्राटाचा हुकूम मोडला तोच सम्राटांचा लाडका संत झाला! पहिल्या ऑटोने ९३७ मध्ये माग्देबुर्गला त्याच्या नावाने मठ स्थापला. तिथल्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातला त्याचा दगडी पुतळा आहे. अंगात कड्यांचे चिलखत, आणि चेहरा स्पष्ट आफ्रिकी माणसाचा.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे घर. आमच्या वर्गांत पलटणीतल्यांची मुले असतातच. रोमन साम्राज्य शिकवताना मी ही कथा सांगितली, आणि चार दिवसांनी एका मुलाचे आजोबा, निवृत्त सुभेदार, ऑफिसात आले.

“काय हो सर, पोरास्नी हुकूम मोडाय शिकवायलासा काय?”

आवाजात राग नव्हता, पण प्रश्न साधाही नव्हता. सबंध हयात ‘हुकूम’ या एका शब्दावर काढलेला माणूस समोर होता. उत्तर देण्याऐवजी मी पुस्तक उघडून ठेवले. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले.

“पळून गेले न्हाईत न्हवं?”

“नाही.”

“हत्यार बी उचललं न्हाई?”

“नाही.”

“मग शिपाईच म्हणायचे.” आणि पान न उलटता म्हणाले, “ह्येंच्या घरी कुणी कळवलं?”

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. युकेरिअस त्याविषयी बोलत नाही, एल ग्रेकोही नाही. मग मी शोधत बसलो. इ.स. ३२० च्या सुमारास, लिसिनिअसच्या अमलात, सेबास्ते येथे (आजच्या तुर्कस्तानातले सिवास) चाळीस ख्रिस्ती शिपायांना हिवाळ्याच्या रात्री उघडे करून गोठवून मारले. बर्लिनमध्ये दहाव्या शतकातला एक हस्तिदंती फलक आहे, त्यावर ते चाळीस जण कुडकुडताना कोरले आहेत. कोणी हात काखेत घातले आहेत, कोणी दुसऱ्याला सावरतो आहे. एकजण मात्र धीर सुटून ऊबदार स्नानगृहात शिरतो आहे. या शिपायांवरच्या संत बेसिलच्या प्रवचनात एक आई येते. प्रेते नेणारी गाडी निघते, तिचा मुलगा अजून धुगधुगी धरून आहे म्हणून त्याला मागे ठेवतात; तर ती स्वतः त्याला उचलून गाडीवर घालते.

हस्तिदंतावर ती आई नाही. सुभेदारांना हे अजून सांगायचे राहिले आहे.