फूल की दोन पानं

माणसाच्या कुठल्याही निर्णयाची उत्तरं शेवटी दोनच, हो किंवा नाही. बाकी सगळा पाल्हाळ, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. घर विकायचं की ठेवायचं, नोकरी सोडायची की रेटायची, एवढाच काय तो प्रश्न. 'बघू', 'एका परीने तुमचंही बरोबर आहे' असं म्हणणारी माणसं मला चालढकल करणारी वाटायची. बँकेत कर्जाच्या अर्जांवर मंजूर-नामंजूर करण्यात उमेदीची वर्षं गेली, त्याचाही हा परिणाम असेल. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. गंमत म्हणजे ज्या उदाहरणाचा मी हमखास दाखला द्यायचो, त्यानेच ते बदलायला लावलं.

ते उदाहरण गोव्याच्या जनमत कौलाचं. 16 जानेवारी 1967 रोजी गोवेकरांपुढे दोन चिन्हं होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. "बघा," मी म्हणायचो, "भाषा, धर्म, जात, जमीन, एवढा गुंता; पण नीट दोन पर्याय ठेवले आणि विषय संपला. नाहीतर आपलं बेळगाव, अजून घोंगडं भिजत पडलंय."

विषय संपला होता का? कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. कौलानंतर मार्चमध्ये निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा झेंडा घेऊन उभा राहिलेला त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि 1973 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. विलीनीकरण नको म्हणणाऱ्या गोव्याने विलीनीकरणवाद्यांकडेच कारभार सोपवला. मतविभागणीचं गणित त्यात होतंच. तरीही 34,021 च्या फरकाने मी ज्यावर पडदा पाडत होतो, ते नाटक पुढे चालूच होतं.

मग मी त्या 'नाही'च्या आत डोकावू लागलो. तिथे जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षामागे उभा राहिलेला ख्रिस्ती समाज होता. कोकणीचे लेखक होते. माडाची सूर काढणारे रेंदेर होते. महाराष्ट्रातली दारूबंदी आली तर पोटावर पाय येईल, ही त्यांची धास्ती. आणि मडगावचं 'राष्ट्रमत' होतं. महाराष्ट्रात जायला नको, हे ते दैनिक मराठीतून ठणकावून सांगत होतं! मराठीवर प्रेम आणि महाराष्ट्राला नकार या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे माझ्या हो-नाहीच्या चौकटीत कुठे बसणार? पलीकडे कुळं होती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जाचातून सुटायला त्यांना महाराष्ट्राचा आधार वाटत होता. एखादा गडी कूळही असेल आणि रेंदेरही. त्याने कुठल्या पोटाचं ऐकायचं? ज्याला गोव्याचं स्वतंत्र राज्य हवं होतं, त्याच्यासाठी तर चिन्हच नव्हतं. ते राज्य मिळायला 30 मे 1987 उजाडावा लागला. त्याच वर्षी झालेल्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामकाजात मराठीलाही जागा ठेवली. म्हणजे वीस वर्षांनी कायद्यालाही 'हेही आणि तेही' म्हणावं लागलं.

याच काळात गावच्या देवळातला कौल मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आमच्या सावंतवाडीकडे अडल्यानडल्याला देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, मंडळी 'होय म्हाराजा' म्हणतात. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पूर्वी मला यात फक्त पडणारी कळी दिसायची. आता त्याआधीची बोलाचाली ऐकू येते. "जमीन इकूची काय?" डावी पडते. मग मानकरी, भाऊबंद, म्हातारी चुलती यांची कुजबुज सुरू होते. "भावाक देवची काय?" पुन्हा कुजबुज. "वरीसभर थांबाचा काय?" उजवी पडते आणि सगळ्यांचे खांदे सैल होतात. देवावर माझी श्रद्धा बेताचीच, पण त्या मंडळींचं शहाणपण मी मानतो. कळी क्षणात पडते. वेळ जातो तो प्रश्न घासूनपुसून अशा जागी आणायला, की त्याचं उत्तर घेऊन सगळ्यांना एका पंगतीला बसता येईल.

हो-नाही निरुपयोगी आहे, असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. गोव्यात तो दिवस उगवला नसता, तर वाद किती चिघळला असता कोण जाणे. केव्हातरी शिक्का मारावाच लागतो, आणि मारल्यावर निस्तरावाही लागतो. एवढंच, की आता कुणी माझ्यापुढे "हो की नाही, एका शब्दात सांगा" म्हणून उभा राहिला, तर मी आधी विचारतो, हा प्रश्न कुणी घातला, आणि कागदावर काय यायचं राहिलं?

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. फुलावर शिक्का मारणारे 1,38,170 लोक दुसऱ्या दिवशी गोवा सोडून गेले नाहीत. त्यांना धरूनच पुढचं राज्य चालवावं लागलं. माणूस स्वतःशी निर्णय घेतो तेव्हाही निराळं काय होतं? हरलेली बाजू आतच राहते, बडबडत राहते, कधीमधी सत्तेवरही येते. तिच्यासकट संसार करायची तयारी नसेल, तर नुसतं खणखणीत 'हो' किंवा 'नाही' म्हणून काही साधत नाही.