रंगावरून ओळखलेला आजार

'ब्लड कॅन्सर' हा शब्द आपल्याकडे फार ढोबळपणे वापरला जातो. मोहल्ल्यात कुणाला झाला म्हणजे झाला; कोणता झाला, हे विचारायची रीत नाही. हिंदी सिनेमानं तर हा आजार म्हणजे शेवटच्या रिळातला मृत्यू, असं मनावर ठसवून ठेवलेलं. २०१४ साली आपाच्या धाकट्या मुलाच्या निमित्तानं आम्हा घरच्यांना कळलं, की या एका नावाखाली अनेक निरनिराळे आजार नांदतात.

पोरगा नऊ वर्षांचा. ताप हटेना, हिरड्यांतून रक्त येई, पायांवर निळे डाग. सोलापुरात रक्त तपासलं तेव्हा त्यात 'ब्लास्ट' म्हणजे कच्च्या पेशी सापडल्या. पण या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेकदा एकमेकींसारख्याच दिसतात. त्या लिम्फॉइड कुळातल्या की मायलॉइड कुळातल्या, हे नुसत्या नजरेनं खात्रीनं सांगणं कठीण. आणि दोन्हींची औषधं वेगळी! मुंबईला गेलो. तिथं कमरेच्या हाडातला मगज काढून 'फ्लो सायटोमेट्री' करायला सांगितली. दादी हवालदिल झाली. म्हणाली, "बच्चे के बदन में खून हैच नहीं, और कित्ता निकालते?"

तिथल्या डॉक्टरबाईंनी अब्बांना समोर बसवून समजावलं. प्रत्येक पेशीच्या अंगावर खुणा असतात. त्यांना सीडी-१९, सीडी-१०, सीडी-३३ असे क्रमांक आहेत. ही क्रमांकांची पद्धत १९८२ साली पॅरिसच्या परिषदेत ठरली. एकेका खुणेलाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी असते आणि तिला चमकणारा रंग जोडलेला असतो. अशा अनेक रंगांत भिजवलेल्या पेशी पाण्याच्या बारीक धारेतून एकामागोमाग एक लेसरच्या झोतासमोरून जातात. किरण किती विखुरला यावरून पेशीचा आकार आणि आतला रवाळपणा कळतो; कोणता रंग चमकला यावरून तिचं कूळ. सेकंदाला हजारो पेशी अशा मोजल्या जातात.

अब्बांची हयात यंत्रमागावर गेली. ते म्हणाले, "म्हणजे सूत सारखंच, रंगावरून ताणा ओळखायचा." डॉक्टरबाई हसल्या. यातला एक रंग समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून मिळतो, हे ऐकून तर अब्बांना भारी नवल वाटलं.

हे सगळं एका दिवसात घडलेलं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लेनर्ड हर्झेनबर्ग यांनी साठच्या दशकाअखेरीस चमकत्या रंगांवरून पेशी वेगळ्या करणारं यंत्र उभं केलं. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच खुणेला चिकटणाऱ्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या तयार करण्याची रीत शोधली. १९८४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. यंत्र आणि अँटिबॉडी एकत्र आले, तेव्हा कुठं रक्ताच्या कॅन्सरची नीट वर्गवारी करता येऊ लागली.

भाच्याच्या पेशींवर सीडी-१९, सीडी-१० आणि सीडी-३४ या खुणा मिळाल्या. मायलॉइड कुळाच्या खुणा नव्हत्या. निदान झालं : बी-पेशींचा अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा आणि पूर्ण उपचार मिळाले तर बहुतेक मुलं ज्यातून बरी होतात, असा.

त्याच बाकावर मिरजेचे एक वयस्कर चाचा बसत. त्यांनाही ब्लड कॅन्सरच सांगितलेला. त्यांच्या बी-पेशींवर सीडी-५ आणि सीडी-२३ निघालं. तो हळू चालणारा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. डॉक्टर त्यांना म्हणाले, "तूर्त औषध नको, तीन महिन्यांनी दाखवा." चाचांचा विश्वासच बसेना. शब्द एक, पण एकाला अडीच वर्षांची केमोथेरपी आणि दुसऱ्याला नुसती नजर ठेवणं!

पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर पुन्हा मगज तपासला. पोरगा हसत-खेळत होता, सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नव्हतं. मग परत कशाला, असं आपाला वाटलं. पण ही तपासणी दहा हजार पेशींत लपलेली एक रोगट पेशीही हुडकून काढते. पुढचं औषध किती कडक द्यायचं, हे त्यावर ठरतं. इथं यंत्रापेक्षा माणसाची नजर मोठी. उपचारांनंतर मगजात नव्यानं उगवणाऱ्या निरोगी बी-पेशी रोगट पेशींसारख्याच भासतात. तो फरक अनुभवी डॉक्टरच करू जाणे. शिवाय गुणसूत्रांची तपासणी वेगळी करावी लागते. ते या यंत्राचं काम नव्हे.

त्या काळात एका नातेवाइकांनी सुचवलं, "बाहेर बोलू नका, घरात लग्नाच्या मुली आहेत." दादीनंच त्यांना गप्प केलं. ती म्हणाली, "छुपाने से बीमारी जाती क्या?" दादी दुआ करत राहिली आणि औषधाच्या वेळाही तिनंच सांभाळल्या. भाच्याचे उपचार २०१७ साली संपले.

आता मोहल्ल्यात कुणाचा असा रिपोर्ट आला, की लोक आमच्या दारी येतात. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही एवढंच सांगतो : घाबरण्याआधी 'कोणता' हे विचारा. नमुना ताजा असताना, एक-दोन दिवसांच्या आत चांगल्या प्रयोगशाळेत पोचवा; पेशी मेल्या की खुणा नीट वाचता येत नाहीत. आणि पोरगा बरा दिसू लागला म्हणून उपचार अर्धे सोडू नका. त्या चांगल्या दिसण्यामागं काय उरलंय, ते डोळ्यांना कळत नाही.