तट आणि शिबंदी

नाशिक रोडला वाढलेल्या मुलाची किल्ल्याशी पहिली ओळख होते ती दिवाळीच्या सुट्टीत. दगडविटांच्या ढिगावर गोणपाट पसरून मातीचा काला लिंपायचा, हळीव पेरायचे, माथ्यावर महाराजांचे सिंहासन आणि दरवाजाशी मावळे मांडायचे, हा क्रम ठरलेला असतो. त्या किल्ल्यावर शत्रू कधी चालून येत नसल्याने तो लढवायचा कसा, हा प्रश्न त्या वयात पडत नाही.

तो पडतो पुढे, संगणकावरच्या युद्धखेळात. १९९९ साली आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागात नवखा खेळाडू सारा दगड तटबंदीत घालून निर्धास्त होतो, मग दरवाजाला धडका देणारी लाकडी यंत्रे येतात, ज्यांना बाण फारसे बाधत नाहीत, आणि ती फोडण्यासाठी पायदळ तटाबाहेर काढावेच लागते. किल्ल्यातून सुटणारे बाणही आत धनुर्धारी शिरले की वाढतात. तट शत्रूला फक्त खोळंबवतो आणि त्या अवधीत कुमक उभी राहिली तरच शहर वाचते, हे अनेक डाव हरल्यावर उमगते.

हे कळल्यावर त्याच माणसाला दिंडोरी तालुक्यातला, एरवी ठेंगणा वाटणारा रामशेज निराळा दिसू लागतो. १६८२ साली औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खान याने या किल्ल्याला वेढा घातला आणि तटाच्या उंचीवरून मारा करता यावा म्हणून दमदमा, म्हणजे लाकडाचा उंच बुरूज, उभारला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हा शिबंदीने, म्हणजे गडावर नेमलेल्या फौजेने, लाकडे कोरून चामड्याने मढवली आणि त्यांच्याच तोफा करून डागल्या, असे मोगलांचाच इतिहासकार खाफीखान सांगतो. संभाजीराजांनी धाडलेली फौज बाहेरून वेढ्यावर तुटून पडत राहिली, शहाबुद्दीनच्या जागी आलेल्या बहादूरखानालाही हात हलवत परतावे लागले, आणि काही वर्षांनी गड गेला तो फितुरीने. हवालदाराकडे हुकमत, सबनिसाकडे हजेरी व हिशेब आणि कारखानिसाकडे कोठार, अशी गडाच्या कारभाराची वाटणी शिवकाळात का केली होती, याचे उत्तर या शेवटात सापडते. कारण एकाच्या हाती सारे असले की तो एक फुटणे पुरेसे ठरते.

याच नाशिक जिल्ह्याने १८१८ साली दुसरी बाजूही दाखवली. एप्रिलमध्ये त्र्यंबकसारखा दुर्गम गड काही दिवसांत इंग्रजांच्या हाती गेला आणि त्या धक्क्याने आसपासच्या अनेक बळकट गडांनी न लढताच दरवाजे उघडले. उलट, डोंगराचा आधार नसलेला मालेगावचा भुईकोट, म्हणजे सपाटीवरचा किल्ला, आतल्या अरब शिपायांनी मे-जूनमध्ये जवळजवळ महिनाभर लढवला आणि इंग्रजांची मोठी हानी केली. दारूकोठाराचा स्फोट झाला तेव्हाच तो पडला. त्र्यंबकचे कडे आणि मालेगावची सपाटी शेजारी ठेवून पाहिली की गडाचे बळ मोजताना उंचीआधी आतल्या माणसांची उमेद, कोठारातला साठा आणि बाहेरून येणाऱ्या मदतीचा भरवसा धरावा लागतो. म्हणूनच गड पाहायला जाणाऱ्याने बुरुजांइतकाच वेळ पाण्याच्या टाक्यांपाशी आणि कोठारांच्या जोत्यांपाशी द्यावा. गड कोणाच्या जिवावर आणि किती दिवस लढला, याचा हिशेब तिथेच लागतो.