छेदातली माणसं

वॉर्डात काम केलेल्या नर्सला सार्वजनिक आरोग्याचं पुस्तक सुरुवातीला परकं वाटतं. वॉर्डात पेशंट समोर असतो. त्याचं सलाइन, त्याचा बीपी, दाराशी ताटकळलेले त्याचे नातेवाईक. पुस्तकात पेशंट नसतोच. तिथे असते लोकसंख्या. सपाटीवर ५,००० माणसांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० मागे. समुदाय आरोग्य अधिकारी होण्यासाठी आम्हाला सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स आणि त्याची परीक्षा पार करावी लागली. आमच्या बॅचला बीएस्सी झालेल्या नर्स होत्या, बीएएमएस डॉक्टर होते आणि एएनएमपासून सुरुवात करून पोस्ट बेसिक बीएस्सीपर्यंत शिकत आलेली, आम्हा सगळ्यांहून मोठी अशी बीडकडची एक ताई होती. जिल्हा रुग्णालयातली ड्यूटी आटोपली की आम्ही चार-पाच जण मेसमध्येच वह्या उघडून बसायचो.

व्याख्या पाठ करायला कुणाची सोबत लागत नाही. प्रादुर्भाव म्हणजे काय, लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये का ठेवायची, पोलिओच्या निगराणीत पंधरा वर्षांखालच्या लुळ्या पडलेल्या मुलाचे शौचाचे दोन नमुने कसे घ्यायचे, हे रात्री दिव्याखाली एकट्यानं घोकता येतं. अडतं ते पुढे.

विहिरीचं गणित घ्या. परीक्षेला ते हमखास येतं. विहिरीचा व्यास चार मीटर, पाण्याची खोली तीन मीटर, तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती? व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले चार, आले ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर साधारण ९४ ग्रॅम. आमच्यातल्या डॉक्टरांनी ते मिनिटात सोडवून दाखवलं. ताई वहीकडे बघत म्हणाली, “डॉक्टर, पोतं कधी फोडलेलं आहे?” पावडर उघडी राहिली, ओल लागली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. ९४ ग्रॅम मोजून टाकल्यावरही तासाभरानं क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टला पाणी पिवळं होईलच असं नाही. मग तिनं सांगितलं, की ती आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठायची, पोत्याचं तोंड बांधलेलं आहे का बघायची, पावडर कालवून वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायला लावायची आणि तासानं स्वतः पाणी तपासायची. उत्तरपत्रिकेत ९४ लिहायचं, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. पण त्या आकड्याच्या मागे बांधलेलं पोतं आणि वेळेवर येणारा माणूस लागतो, हे तिच्यामुळे कायमचं डोक्यात बसलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो दरांवर. माता मृत्यू प्रमाणात अंशात येतात गरोदरपणाशी निगडित कारणांनी, गरोदर असताना किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत दगावलेल्या स्त्रिया. छेदात जिवंत जन्म, लाखामागे. छेदात गरोदर स्त्रियाच का नाहीत, असं कुणीतरी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “प्रत्येक गरोदरपणाची नोंद कुठे होते? जन्माची त्यातल्या त्यात होते.” उत्तर बरोबर होतं. ताई मात्र थांबली नाही. “आणि माझी ऊसतोडीला गेलेली बाई कुठल्या छेदात धरायची?”

मराठवाड्यातून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, त्यामुळे पोटुशी असली तरी तिला जावं लागतं. “तिचं नाव माझ्या रजिस्टरला, आणि ती सातव्या महिन्यात कोल्हापूरकडच्या फडात मोळ्या उचलते,” ताई म्हणाली. “तिथली सिस्टर म्हणते, ही आमच्या हद्दीतली नाही. इथली आशा म्हणते, घराला कुलूप आहे.” त्या रात्री पुढचा धडा काढलाच नाही.

दवाखान्यात आपल्याला अंशातली माणसं भेटतात. आजारी पडलेली, दारापर्यंत पोहोचलेली. छेदातली माणसं कधीच रांगेत उभी नसतात आणि सार्वजनिक आरोग्याचं खरं काम त्यांच्यात आहे, असं मला मनापासून वाटतं. कोण मोजलं गेलं नाही, हे एकट्याच्या डोक्यात सहसा येत नाही. ते त्या वस्तीत हिंडलेल्या माणसानंच सांगावं लागतं. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं हेच महाराष्ट्रापुढे ठेवलं: कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नव्हते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्या कामात जन्म आणि मृत्यू नीट मोजण्यावर भर दिला. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला प्रकल्प उभा केला. तिथल्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या ठरलेल्या दिवशी केंद्रावर जमायच्या, आपापल्या गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या आणि त्यातून शिकायच्या. आमच्या मेसमधल्या बैठकीला मी त्यांच्याशी तोलत नाही, पण शिकण्याची रीत तीच होती.

म्हणून या परीक्षेत निदान एक प्रश्न दोघांनी मिळून सोडवायचा असावा, असं माझं ठाम मत आहे. उपकेंद्रावर गेल्यावर एकट्यानं सोडवण्यासारखं काहीच नसतं. आशा, एएनएम, अंगणवाडी ताई, सरपंच आणि जलसुरक्षक यांच्याशी बोलल्याशिवाय पान हलत नाही. परीक्षा मात्र आपल्याला शेजारच्यापासून दूर बसवते.

निकाल लागला, सगळे पास झालो आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगलो. माझं उपकेंद्र साखर कारखान्याच्या पट्ट्यात आलं. गळीत हंगाम सुरू झाला की ताईचा फोन येतो. ती गावातून निघालेल्या गरोदर बायांची नावं, कितवा महिना, आरसीएच नंबर आणि मुकादमाचा मोबाइल सांगते, मी लिहून घेते. मग आशाताईंना घेऊन टोळीच्या तळावर जायचं, माता-बाल संरक्षण (एमसीपी) कार्ड बघायचं, हिमोग्लोबिन तपासायचं, लेकरांचा राहिलेला लसीचा डोस द्यायचा आणि संध्याकाळी ताईला कळवायचं, म्हणजे तिच्याही रजिस्टरला नोंद पूर्ण होते. यंदा तिनं दिलेल्या यादीतली एक जण तळावर सापडली नाही. मुकादम म्हणतो, ती टोळी कर्नाटकात गेली. तिथल्या सिस्टरचा नंबर मिळतो का, ते आता आम्ही दोघी बघतो आहोत.