बॅग कुठपर्यंत?

चेक-इन काउंटरवरच्या मुलीकडे ती खिडकीची जागा मागत नाही. शाकाहारी जेवणाचं विचारते, पण मागाहून. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बॅग कुठपर्यंत?" मग हँडलला गुंडाळलेल्या कागदी पट्टीवरची तीन अक्षरं ती चष्मा कपाळावर सरकवून स्वतः वाचते. बीयूएफ असेल तर बफेलो, म्हणजे निश्चिंती. जेएफके असेल तर न्यूयॉर्क, आणि तिथून पुढचा सगळा उद्योग आपल्या गळ्यात.

नागपूरच्या धरमपेठेत राहणारी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली ही बाई चाळीसेक वर्षं अधूनमधून मोठ्या बहिणीकडे बफेलोला जात आली आहे. कधी बाळंतपणाला, कधी भाच्याच्या मुंजीला, कधी मेव्हण्यांच्या आजारपणात. नागपूर काय किंवा बफेलो काय, दोन्ही मोठ्या विमानवाहतुकीच्या कडेची गावं. त्यामुळे वाटेत विमान बदलावं लागतंच, आणि बहुतेक वेळा कंपनीही. परदेशवारीची वर्णनं आपल्याकडे भरपूर लिहिली जातात, पण त्यांत नायगारा असतो, स्वातंत्र्यदेवता असते. दोन विमानांच्या मधले ते चार-सहा तास कोणी लिहीत नाही. खरा घाम तिथेच निघतो.

१९८६ साली ती पहिल्यांदा निघाली तेव्हा तिकीट म्हणजे एक लांबट चोपडं होतं. प्रत्येक टप्प्याचं वेगळं कूपन, मागे लाल कार्बन, हात लावला की बोटं लाल. काउंटरवरचा माणूस आपल्या कंपनीच्या वाट्याचं कूपन फाडून घ्यायचा आणि उरलेलं चोपडं परत द्यायचा. न्यूयॉर्कपर्यंत एअर इंडिया, पुढे एक अमेरिकन कंपनी. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, तरी चोपडं एकच होतं. पैसे बहिणीने तिकडे भरले होते. शिक्षिकेच्या तेव्हाच्या पगारात ते तिकीट बसलंच नसतं.

या एका चोपड्यामागे मोठी व्यवस्था उभी होती. १९४५ साली हवानामध्ये विमानकंपन्यांची आयाटा ही संघटना स्थापन झाली, आणि १९४७पासून तिचं क्लिअरिंग हाउस सुरू झालं. एकीने विकलेलं तिकीट दुसरीने मानायचं, एकीने घेतलेलं सामान दुसरीने पुढे चढवायचं, आणि कोणी कोणाला किती द्यायचे याचा हिशेब मागच्या दाराने भागवायचा. या पद्धतीला इंटरलाइन म्हणतात. प्रवाशाला यातलं काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्या विमानाची काळजी कंपन्यांनी करायची. तिकीट महाग होतं ते उगाच नव्हे. विमान बदलण्याची जोखीमही त्या किमतीत धरलेली होती.

मुंबईतलं अंतर मात्र तेव्हाही ज्याचं त्यानेच कापायचं. देशांतर्गत विमानं सांताक्रूझला आणि परदेशी विमानं सहारला. सहार हे मूळचं ईस्ट इंडियन लोकांचं गाव. तिथलं टर्मिनल १९८१ साली सुरू झालं. गंमत अशी, की दोन्हीकडची विमानं उतरतात त्याच धावपट्ट्यांवर, पण एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला प्रवाशाने रस्त्याने चार-पाच किलोमीटरचा वळसा घालायचा. परदेशी विमानं बहुतेक मध्यरात्री, नागपूरचं सकाळी. मधली रात्र नातेवाइकांकडे काढावी तर दादरपर्यंत जाऊन परत यायचं, म्हणून ती खुर्चीवर बॅगेच्या पट्ट्यात पाय अडकवून बसे. २०१४ साली मोरपिसांच्या नक्षीचं नवं टर्मिनल दोन उघडलं, पुढे बरीच देशांतर्गत विमानंही तिथून सुटू लागली, आणि २०२४मध्ये भुयारी मेट्रोने दोन्ही टर्मिनलं एका मार्गावर आणली. मध्ये फक्त सहार रोड हे स्टेशन. हे झालं म्हणेपर्यंत २०२५च्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. नागपूरहून नवी मुंबईला उतरून रात्री सहारहून उडण्याचं तिकीट कोणी स्वस्तात दाखवलं, तर त्याने खाडी नकाशावर तरी पाहावी.

पण दोन कंपन्यांमधलं अंतर म्हणजे काय, हे खऱ्या अर्थाने दाखवतो तो न्यूयॉर्कचा जेएफके.

हा विमानतळ १९४८चा. पन्नासच्या दशकात त्याचा विस्तार ठरला तेव्हा एकच मोठी इमारत बांधण्याऐवजी प्रत्येक बड्या अमेरिकन कंपनीला आपापलं टर्मिनल बांधू दिलं, आणि या सगळ्याला नाव दिलं टर्मिनल सिटी. परदेशी कंपन्यांसाठी १९५७ची अरायव्हल्स बिल्डिंग. पॅन ॲमने १९६०मध्ये बशीसारख्या गोल छपराखाली आपलं दुकान मांडलं. टीडब्ल्यूएसाठी एरो सारिनेनने पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी इमारत रचली, ती १९६२मध्ये उघडली. प्रत्येक इमारत आपल्या कंपनीची जाहिरात होती. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाणारा माणूस या देखण्या इमारतींच्या मधल्या रस्त्यावर बसची वाट पाहत उभा असायचा. त्याच्यासाठी मात्र कोणी वास्तुविशारद नेमला नव्हता.

शिवाय अमेरिकेत आणखी एक मेख आहे. पट्टीवर बफेलो लिहिलेलं असलं तरी देशात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे बॅग घ्यायची, कस्टममधून न्यायची आणि पुन्हा सोपवायची. एकच तिकीट असलं तर कस्टमच्या दाराबाहेर पुढच्या विमानाचा पट्टा असतो. त्यावर बॅग ठेवली की हात मोकळे. १९८६मध्ये तिने येसर, कुरडया आणि संत्रा बर्फी असलेली बॅग तशी सोपवली, आणि टर्मिनलांमधल्या बसच्या खिडकीतून तो सारिनेनचा पक्षी निवांत पाहिला. बॅग हातात असती तर तो दिसलाही नसता.

मग काळ बदलला. अमेरिकेने १९७८मध्येच भाडी आणि मार्ग सरकारी नियंत्रणातून सोडले होते. त्याची फळं हळूहळू पिकली. पॅन ॲम १९९१मध्ये बुडाली, टीडब्ल्यूए २००१मध्ये दुसऱ्या कंपनीत विरघळली. आपल्याकडे १९९४मध्ये सरकारी कंपन्यांची मक्तेदारी कायद्याने संपली, २००३मध्ये एअर डेक्कन आली, २००६मध्ये इंडिगो. तिकडे जेटब्लू ही कंपनी २०००च्या फेब्रुवारीत जेएफकेहून सुरू झाली, आणि तिच्या अगदी पहिल्या गावांत बफेलो होतं. बहिणीच्या घरात याचा आनंद झाला, तो रास्तच होता. २००८च्या जूनपासून आयाटाने कागदी तिकिटंही बंद केली. लाल कार्बन गेला आणि त्याच्याबरोबर, कोणाच्या लक्षात न येता, ते एकच चोपडंही गेलं. आता भाचा संगणकावर बसून मुंबई ते न्यूयॉर्क एका कंपनीचं आणि न्यूयॉर्क ते बफेलो दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन तिकिटं वेगवेगळी काढू लागला. बेरीज केली की स्वस्त पडायची.

दोन तिकिटं म्हणजे दोन पीएनआर. हे सहा अक्षरांचे दोन क्रमांक एकमेकांना ओळखत नाहीत. पहिल्या कंपनीची जबाबदारी न्यूयॉर्कला संपते. दुसरीची, प्रवासी तिच्या काउंटरवर वेळेत उभा राहिला तरच सुरू होते. मधलं सगळं, म्हणजे इमिग्रेशनची रांग, बेल्ट, कस्टम, दुसरं टर्मिनल, तिथली वजनाची नवी मोजणी, पुन्हा सुरक्षा तपासणी, हे काम पूर्वी कंपन्यांचे पगारी लोक करत. आता ते प्रवासी करतो, बिनपगारी. स्वस्ताईतला मोठा वाटा इथून येतो, हे तिकीट विकणाऱ्या पानावर ठळक अक्षरांत कधी दिसत नाही.

वजनाचंच घ्या. भारतातून अमेरिकेला तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येतात म्हणून माणूस त्या भरतो. एका तिकिटावर ही सवलत सहसा शेवटपर्यंत चालते. वेगळ्या तिकिटावर दुसरी कंपनी आपला नियम लावते. २००८मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने देशांतर्गत प्रवासात पहिल्याच बॅगेला पंधरा डॉलर लावले. बाकीच्या कंपन्या एकेक करून त्याच वाटेने गेल्या. कुरडयांसाठी डॉलर मोजणं ही गोष्ट तिला आजही मान्य नाही.

एकदा पहिलं विमान रात्रभर उशिरा निघालं. ती न्यूयॉर्कला पोहोचली तोवर बफेलोचं विमान जाऊन काही तास झाले होते. दुसऱ्या कंपनीच्या लेखी ती आलीच नव्हती. नियमाप्रमाणे तिचं परतीचं तिकीटही त्याबरोबर रद्द झालं होतं. काउंटरवरची बाई सौजन्याने बोलत होती आणि काहीही करू शकत नव्हती. पहिल्या कंपनीने सांगितलं, आम्ही तुम्हाला न्यूयॉर्कला आणलं, बोलणं संपलं. ऐन वेळच्या नव्या तिकिटाने वाचलेले सगळे डॉलर गिळले आणि वर आणखी काही. युरोपचा २००४चा २६१ क्रमांकाचा नियम उशिराची भरपाई देतो तोही प्रवास एका बुकिंगमध्ये असेल तरच शेवटचं गाव जमेस धरतो. तुटक तिकिटांना कायदाही तुटकच लागू होतो.

युरोपमार्गे जाताना तर याहून चमत्कारिक गाठ पडते. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर फ्रँकफर्टला विमान बदलता येतं, विमानतळाच्या आतल्या आत. पण तिकिटं वेगळी असतील आणि बॅग पुढे पाठवायला कंपनीने नकार दिला, तर बॅग बेल्टवर येते. बेल्ट इमिग्रेशनच्या पलीकडे. तिथे जायचं म्हणजे जर्मनीत शिरायचं, आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा हवा. अमेरिकेचा चालत नाही. म्हणजे माणूस पुढे जाऊ शकतो, पण त्याच्या बॅगेला व्हिसा लागतो. भूगोलाच्या बाईंना ही सीमारेषा कुठल्याच नकाशात सापडली नव्हती. तेव्हापासून भाच्याने युरोपमार्गे जोडतिकीट सुचवलं की ती फोन कानापासून लांब धरते.

जेएफकेमध्ये सुधारणा झाली, हेही सांगायला हवं. २००३च्या डिसेंबरात एअरट्रेन सुरू झाली. टर्मिनल ते टर्मिनल ती फुकट नेते. जमैका किंवा हॉवर्ड बीच स्टेशनला बाहेर पडलं की पैसे लागतात. टर्मिनलांचे क्रमांक मात्र वेंधळ्या हिशेबनिसाने लिहिल्यासारखे झाले. सहा पाडलं, तीन पाडलं, २०२३मध्ये दोन बंद झालं. तेव्हा उरली १, ४, ५, ७ आणि ८. परदेशी विमानाने चारला उतरून जेटब्लूच्या पाचला जायचं तर अंतर फार नाही, पण दोन बॅगा, एक पर्स आणि स्वेटर घेऊन लिफ्ट शोधायची असते. पाच नंबर हे सारिनेनच्या त्याच पक्ष्याच्या मागे २००८मध्ये बांधलेलं टर्मिनल, आणि पक्ष्याचं २०१९मध्ये हॉटेल झालं. आत जुन्या पद्धतीचा, पाट्या खटखट उलटणारा वेळापत्रकाचा फलकही ठेवला आहे. हातात वेळ असेल तर जरूर आत जाऊन यावं. कॉफी महाग आहे, बसायला पैसे नाहीत.

वय झाल्यावर तिने व्हीलचेअर मागायला सुरुवात केली. आपल्याकडचे कितीतरी आईवडील व्हीलचेअर मागतात ती पाय दुखतात म्हणून नव्हे. त्यांना बरोबर वाट माहीत असलेला माणूस हवा असतो. यावर तरुण मंडळी हसतात. त्यांनी इंग्रजी पाट्यांच्या जंगलात, झोप न झालेल्या डोळ्यांनी, कधी पाऊण तासात टर्मिनल बदलून पाहावं. मात्र दोन तिकिटं असली की व्हीलचेअरची नोंदही दोन ठिकाणी करावी लागते. एकीकडे केली आणि दुसरीकडे राहिली, तर पहिला माणूस गेला की खुर्चीही गेली.

बॅगेच्या पट्टीचंही बरंच आधुनिकीकरण झालं. पट्टीवर दहा आकड्यांचा क्रमांक असतो. त्यातला दुसरा ते चौथा आकडा कंपनीचा. एअर इंडियाचा ०९८. आयाटाच्या ७५३ क्रमांकाच्या ठरावाने २०१८च्या जूनपासून बॅगेची नोंद चार टप्प्यांवर ठेवणं कंपन्यांवर बंधनकारक झालं : प्रवाशाने सोपवताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडे देताना आणि शेवटी परत करताना. भाच्याने तिच्या बॅगेत बटणाएवढं ट्रॅकरही टाकून दिलं आहे. बॅग कुठे आहे ते आता फोनवर दिसतं. ओढायची मात्र तिनेच असते, म्हणून त्या बटणाचं तिला फारसं कौतुक नाही.

काही वर्षांपूर्वी नागपूरहून थेट दोह्याला विमान सुरू झालं आणि तिचा मार्गच बदलला. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर बॅग द्यायची, मुंबईचं नाव घ्यायचं नाही. दोह्याच्या हमाद विमानतळावर डोक्यात दिवा खुपसलेलं एक सात मीटर उंच पिवळं अस्वल बसवलं आहे, उर्स फिशर या शिल्पकाराचं. कलाकृती म्हणून ते बरं की वाईट यावर वाद घालता येईल. खूण म्हणून उत्तम. चुकामूक झालेली माणसं तिथेच भेटतात. तिकीट एकच असल्यामुळे त्या मधल्या तासांत तिला अस्वलासमोर बसून चहा पिण्यापलीकडे काही काम नव्हतं. या तिकिटाला भाच्याच्या जोडतिकिटापेक्षा जास्त पैसे पडले होते आणि तिने ते आपल्या पेन्शनमधून भरले होते.

परदेशातून आईवडिलांची तिकिटं काढणाऱ्या मुलांनी हा फरक एकदा कागदावर मांडून पाहावा. शक्य तर सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्यावा. ते परवडत नसेल तर दोन तिकिटांच्या मध्ये चार तास नव्हे, अख्खी रात्र ठेवावी, हॉटेलचे पैसे त्याच हिशेबात धरावेत, दोन्ही कंपन्यांकडे व्हीलचेअर नोंदवावी, आणि बॅग वाटेत घ्यावी लागणार असेल तर त्या देशाचा व्हिसा लागतो का, हे तिकिटाचे पैसे भरण्याआधी पाहावं.