वाद्यदुरुस्ती

मामांचं मानधन शाळेच्या हिशेबात ‘वाद्यदुरुस्ती’ म्हणून लागायचं, हे मला नववीत कळलं. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

शाळा पुण्यातली, पेठेतली. काळ नव्वदच्या दशकातला. ज्ञानप्रबोधिनीचं पथक विसर्जन मिरवणुकीत पुणेकरांच्या ओळखीचं झालेलं, म्हणून आमच्याही शाळेला ढोल घ्यावेसे वाटले. शिकवणार कोण? पीटीचे सर लेझमीच्या पुढे जाईनात. मग कुणाच्या तरी ओळखीने मामा आले. दिवसभर अप्पा बळवंत चौकापाशी पुस्तकबांधणी, संध्याकाळी आम्ही. बोटांना खळीचा वास यायचा.

सुरुवातीला त्यांनी ढोल हातात दिलेच नाहीत. मांडीवर वाजवायचं, एका हाताची थाप, दुसऱ्या हातात टिपरू आहे असं समजायचं. पुढे ढोल कमरेला आले तेव्हा ढोलवाल्यांना ताशाकडे पाठ करून उभं केलं. “बघून वाजवाल तर मागे पडाल. ताशा ऐकू येत नसेल तर तुमचा हात जड झालाय.” पंधरा-वीस ढोल एकदम वाजत असताना मामा डोळे मिटून म्हणायचे, “डावीकडून तिसरा. दोरी ढिली आहे.” आणि ती असायचीच.

मला ताशा दिला. मुलीला ताशा कशाला, झांज द्या, असं ऑफिसातून आलंच. मामा म्हणाले, “काड्यांना काय कळतंय, कोणाच्या हातात आहेत ते?” विषय संपला.

तेव्हा आमच्या ताशांना कातडंच होतं. भाद्रपदातल्या हवेत ते सादळायचं, मग रद्दीचा जाळ करून ताशा शेकायचा. जास्त शेकला तर कातडं तडकणार, कमी शेकला तर आवाज डबडब येणार. मामा टिचकी मारून, कान लावून ठरवायचे. मला ते कधीच जमलं नाही. आता फायबरची पानं आली, शेकाशेकी गेली. सोय झाली हे खरं, पण तो आवाज मला पत्र्यासारखा लागतो.

आता तो नववीतला सत्कार. मिरवणूक छान झाली होती, लक्ष्मी रोडवर लोकांनी आम्हाला थांबवून वाजवायला लावलं होतं. स्नेहसंमेलनात पथकाचं कौतुक ठरलं. ‘पथकाचे मार्गदर्शक’ म्हणून नाव पुकारलं ते पीटीच्या सरांचं. शाल, श्रीफळ, टाळ्या. सर बिचारे ओशाळले होते. त्यांनी सरावाला शिट्टी वाजवून रांग लावण्यापलीकडे काही केलं नव्हतं आणि ते त्यांनाही माहीत होतं. मामा त्या वेळी सायकल स्टँडपाशी ढोल आवळत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर वाजवायचं होतं ना!

मी आणि माझी मैत्रीण तडक ऑफिसात गेलो. क्लार्ककाकांनी शांतपणे व्हाउचरची फाइल उघडली. दर महिन्याला ‘वाद्यदुरुस्ती’, खाली मामांची सही. सही मात्र सुरेख, बाइंडिंगच्या कण्यावर नाव घालावं तशी. “ते शिक्षक नाहीत, शाळेत तसं पद नाही. ऑडिटला काय दाखवू?” काका म्हणाले. आज मी स्वतः हिशेबाचं काम करते, त्यांची अडचण मला समजते. पण व्हाउचरवर पद नव्हतं म्हणून माइकवरून नाव घ्यायला कोणी अडवलं होतं? स्मरणिकेतल्या फोटोत सगळे आहेत, पाहुण्यांच्या सौभाग्यवतीसुद्धा आहेत. मामा नाहीत. मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, “अनवधानाने राहिलं.” अनवधान दरवर्षी कसं होतं?

मामांना सांगितलं तर ते आमच्यावरच वैतागले. “पैसे वेळेवर मिळतात. शाल घेऊन काय ताशाला पांघरू?” तेव्हा मला वाटलं, केवढा मोठा माणूस! आता वाटतं, चिडायला हवं होतं त्यांनी. ते चिडले असते तर आम्हाला तरी जोर आला असता.

2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यात एका पथकात तीसच जण असावेत असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा आमच्या जुन्या वादकांना केवढा आनंद झाला. मला नाही झाला. शंभर-शंभर ढोल लावले की ताशा ऐकू येत नाही, सगळे शेजाऱ्याचं टिपरू बघून वाजवतात. त्याला वादन म्हणायचं तर म्हणा. सरावाच्या दिवसांत मी संध्याकाळी खिडक्या लावून घेते. वाजवणाऱ्या मुलांना सांगणं एवढंच की कानात बोळे घाला, मला हल्ली उजव्या कानाने कमी ऐकू येतं. आणि सुपारी देऊन ताशेवाले आणता ना, मग त्यांची नावंही बोर्डावर लिहा. पथकप्रमुखाचं नाव हातभर मोठं असतंच की!

हे सगळं मैत्रिणीला बोलले तर ती म्हणाली, तू म्हातारी झालीस. ती यंदाही वाजवणार आहे, शंभर ढोलांच्या पथकात, आणि मला बघायला बोलावलंय. अलका चौकात गर्दी फार असते, बेलबाग चौकात उभी राहीन म्हणते.