विमानाचें प्रस्थान

आमच्या आजोबांच्या काळीं दूरच्या प्रवासास निघावयाचें म्हणजे प्रथम जोशीबुवांना विचारावें लागे. मुहूर्तावर स्वतः निघतां येण्यासारखें नसेल, तर आपली एखादी वस्तु शेजाऱ्यांच्या घरीं नेऊन ठेवीत. ह्यालाच प्रस्थान ठेवणें म्हणत. आज मुहूर्ताविषयीं कोणाचें कांहींहि मत असो. प्रस्थानाचा विचार करणारा मनुष्य मात्र नाहींसा झालेला नाहीं. विमानाच्या धंद्यांत त्याला 'फ्लाइट डिस्पॅचर' म्हणतात. तो ग्रहांऐवजीं वारे पाहतो, पंचांगाऐवजीं हवामानाचे अहवाल उघडतो, आणि अमुक विमानानें अमुक मार्गानें, इतक्या उंचीवरून, इतकें इंधन घेऊन जावें, असा लेखी आराखडा वैमानिकाच्या हातीं देतो.

आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं बी. एस्सी. झाल्यावर हा मार्ग धरिला, तेव्हां घरांत बरीच चर्चा झाली. "विमान चालविणार नाहीं, दुरुस्तहि करणार नाहीं, मग हा करणार तरी काय?" असा त्याच्या मातोश्रींचा प्रश्न होता. प्रश्न गैर नव्हता. ज्या धंद्यांतील माणसाचें नांव प्रवाशांच्या कानांवर कधींच पडत नाहीं, त्यांत उत्कर्ष तो कसला, अशी शंका कोणासहि येईल. त्याची वाटचाल जवळून पाहिल्यावर ह्या शंकेचें जें उत्तर आम्हांस सांपडलें, तें येथें मांडीत आहों.

प्रथम ह्या कामाचा भार समजून घेतला पाहिजे. इंधनाचेंच उदाहरण घ्या. मुक्कामापर्यंत पुरेल इतकें. वाटेंतील अनपेक्षित अडचणींसाठीं साधारणपणें त्याच्या शेंकडा ५. मुक्कामीं उतरतां न आल्यास दुसरा विमानतळ गांठण्यापुरतें. आणि त्यावरहि जेट विमानास ३० मिनिटें घिरट्या घालतां येतील इतकी अखेरची शिल्लक, असा हा हिशेब असतो. कमी घ्यावें तर प्रसंग जिवावर बेततो. उगाच अधिक घ्यावें तर त्याचेंच ओझें वाहण्यांत त्यांतलें कांहीं जळून जातें. आषाढ-श्रावणांत मुंबईस ह्या हिशेबाची कसोटी लागते. सांताक्रूझच्या विमानतळाच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदून जातात. त्यामुळें एका वेळीं बहुधा एकीचाच उपयोग होतो. मोठ्या सरीनें दृष्टि खुंटली कीं आकाशांत विमानांची रांग लागते. आणि सर्वच अहमदाबादेकडे वळलीं, तर तेथेंहि उभें राहावयास जागा मिळेनाशी होते. हें सर्व, विमान दिल्लीस उभें असतांनाच, ज्याच्या ध्यानांत येतें तोच खरा डिस्पॅचर.

अमेरिकेंतील कायद्यानें ह्या माणसास मोठा मान दिला आहे. तेथें नियमित वाहतुकीच्या विमानाचें उड्डाण कप्तान व डिस्पॅचर ह्या उभयतांच्या संमतीवांचून होत नाहीं, आणि त्याच्या नियोजनाची जबाबदारीहि दोघांची असते. आपल्या देशांत नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या मान्यतेवांचून हें काम करतां येत नाहीं. म्हणून परदेशांत कांहीं आठवड्यांचा अभ्यासक्रम करून आणलेलें प्रमाणपत्र येथें आपोआप चालत नाहीं. जाहिराती वाचून ठेवी मोडण्यापूर्वीं पालकांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी.

आमच्या पुतण्यानें आरंभ केला तो विमानांतील सामानाचें वजन व समतोल मांडण्यापासून. तें करीत असतां त्यानें हवामानशास्त्र, मार्गनिर्णय व विमानविषयक कायदा ह्यांचा अभ्यास करून परीक्षा दिल्या. मान्यता मिळाल्यावर प्रथम देशांतल्या व मागाहून परदेशच्या उड्डाणांचें काम त्याच्याकडे आलें. येथवरच्या पायऱ्या परिश्रमानें चढतां येतात. पुढची पायरी निराळी आहे.

एके वर्षीं श्रावणांत, मुंबईस येणाऱ्या एका विमानासाठीं त्यानें नेहमीपेक्षां दीड टन अधिक इंधन लिहिलें. त्यापायीं कांहीं माल मागें ठेवावा लागला. विमान अर्धा तास घिरट्या घालून मुंबईसच सुखरूप उतरलें. वाहवा कोणीच केली नाहीं. मागें राहिलेल्या मालाच्या तक्रारी मात्र आल्या. त्या सालीं बढतींत त्याच्या मागचा एक गृहस्थ पुढें गेला. ही नोकरी सोडावी, असें घरांत सर्वांचें मत पडलें. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें, "अधिक इंधन कां घेतलें, हें कागदावर आहे का रे?"

"आहे, काका. वेळेसह आणि अहवालासह."

"मग थांब. फुकट गुण वांटणारा मास्तर मुलांना आवडतो खरा. पण अडलेलें विचारावयास मुलें त्याच्याकडे जात नाहींत."

तो थांबला. बढतीस आणखी तीन वर्षें लागलीं. आज तो रात्रपाळीचा प्रमुख असून नव्या उमेदवारांस शिकवितोहि. त्यांना तो प्रथम सांगतो तें हें कीं, वैमानिकाचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकावें, आपला निर्णय कारणांसह लिहून ठेवावा, आणि 'नाहीं' म्हणावयाचें तर आवाज न चढवितां, पण वेळेवर म्हणावें. टळलेल्या अपघाताची बातमी होत नाहीं. म्हणून ह्या धंद्यांतला उत्कर्ष टाळ्यांनीं मोजतां येत नाहीं. अवघड रात्रीं वरिष्ठ कोणास विचारतात, ह्यावरून तो ओळखावा.

ह्यांत घरच्या मंडळींचाहि वाटा आहे. दिवाळीच्या पहांटे असा मुलगा घरीं नसतो, व इतर दिवशीं दुपारीं बारा वाजतां तो झोपलेला आढळतो. त्याच्या निर्णयावर शेंदीडशें जीव अवलंबून असल्यानें त्याची झोप ही चैन नव्हे, कर्तव्याचाच भाग होय. आमच्या घरीं आतां दुपारीं त्याच्या खोलीशेजारीं रेडिओ लावीत नाहींत, आणि आलेल्या पाहुण्यांना माजघरांत बसवितात.